आठ कामाचे तास

लेन्स विकणाऱ्याने लेन्स लिहून देणाऱ्याला विचारायचं, आणि लिहून देणाऱ्याने आठ कामाच्या तासांत उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर विकणाऱ्याने होकार धरून चालायचं. आमच्या धंद्यातला हा नियम मला झोपेतून उठवून विचारलात तरी मी पोटकलमासकट म्हणून दाखवीन. मी डोळे तपासते, कुणाच्या डोळ्यावर कुठली लेन्स बसेल ते ठरवते आणि तसा कागद लिहून देते. माझा दादा लेन्स विकतो. त्याचं दुकान माझ्या दवाखान्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. तो रस्ता मी दोन वर्षं ओलांडला नव्हता.

भांडण एका विद्यार्थ्यावरून झालं. मी त्याला एका कंपनीची लेन्स लिहून दिली होती, दादाने दुसऱ्याच कंपनीची विकली. मी विचारायला गेले तर म्हणाला, "अगं सारखीच आहे ती. नंबर तोच, गोलाई तीच." गोलाई म्हणजे लेन्सचा आतला बाक, तो बुबुळावर नीट बसावा लागतो. पण नंबर आणि बाक जुळला म्हणून लेन्स सारखी होत नाही. एकीतून डोळ्याला हवा जाते, दुसरीतून जात नाही. हे मी त्याला समजावलं तर वहिनीसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला, "बारके, तू कागद लिही. दुकान कसं चालवायचं ते मला शिकवू नकोस."

बारकी हे माझं घरातलं नाव. मी पन्नाशीला आले तरी ते सुटलेलं नाही. त्या दिवशी ते मला झोंबलं. मी सरळ आमच्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेकडे लेखी तक्रार केली. कागदावर एक आणि विकलं दुसरंच, गुन्हा सरळ होता. दादाला ताकीद मिळाली आणि ती ताकीद सहा महिने दुकानात दर्शनी भागात लावून ठेवायचा हुकूम झाला. सख्ख्या बहिणीने सख्ख्या भावाला भर रस्त्यात उघडं पाडलं, असं नातेवाइकांत झालं. खरं सांगायचं तर तो कागद काचेवर चिकटलेला माझ्या खिडकीतून दिसायचा आणि मला बरं वाटायचं. मी वाईट बाई नाही, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मग अबोला सुरू झाला. आमच्या घराण्यात अबोला वारशाने येतो. आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि भांडण कशावरून झालं ते दोघेही विसरून गेले होते. तेव्हा दोन वर्षं म्हणजे आमच्याकडे काहीच नाही. आईकडे जेवायला गेलं की मी आईला म्हणायची, "तुझ्या मुलाला सांग, मीठ इकडे सरकव." तो मीठ सरकवत आईला म्हणायचा, "तुझ्या मुलीला सांग, आधी रक्तदाब तपासून घे." आई कपाळावर हात मारायची. वहिनी हसू दाबायची. आणि आम्ही दोघं आपलं जेवत राहायचो.

ताकिदीनंतर दादा बदलला मात्र. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, हा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. गिऱ्हाइकाकडे माझा कागद नसला, नुसते नंबर सांगून लेन्स मागितली, की तो मला रीतसर विचारणा पाठवायचा. वर तारीख, वेळ मिनिटासकट. खाली गिऱ्हाइकाचं नाव, दोन्ही डोळ्यांचे नंबर, गोलाई, कंपनी. सगळ्यांत खाली छापील ओळ: आठ कामाच्या तासांत उत्तर न आल्यास ही माहिती बरोबर आहे असे समजण्यात येईल. महिन्याला असे दहा-पंधरा कागद यायचे. सुरुवातीला मी प्रत्येक कागद डोळ्यात तेल घालून वाचला. चूक सापडावी अशी फार इच्छा होती. चार महिने एकही सापडली नाही.

चूक नाही म्हटल्यावर उत्तर द्यायचं म्हणजे नुसतं 'बरोबर' लिहायचं. आणि 'बरोबर' हा शब्द मी त्याला लिहून पाठवू? माझ्या हातून? गरजच काय होती! कायदाच म्हणत होता की गप्प बसा, चालेल. सुंठीवाचून खोकला जात होता. मी गप्पच बसले. आणि जिथे उत्तर द्यायचंच नाही तो कागद वाचायचा तरी कशाला, म्हणून काही दिवसांनी वाचायचीही थांबले.

"समोरच्या दुकानाचं काही आलं तर ट्रेमध्ये टाकायचं," मी काउंटरवरच्या काकूंना सांगितलं. "मला दाखवायचं नाही."

काकू माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. बाकीच्या दुकानांच्या विचारणा आल्या की त्या पेशंटची फाइल काढून, कागद वर ठेवून माझ्या टेबलावर आणतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि काही चुकीचं असलं तर?"

"तो आता चुकायचा नाही."

"तो नाही चुकायचा," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक चुकू शकतं."

त्यांचं बोलणं मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. मी कानाडोळा केला.

आता बसवाल्या बाईंबद्दल. या शहराच्या बसवर ड्रायव्हर, वय अडतीस, आवाज असा की माझ्या तपासणीच्या खोलीतून बाहेर बसलेल्यांना तिच्या डोळ्यांचा नंबर कळायचा. उजवा डोळा उणे दीड, डावा उणे सात. असा फरक असला की चष्म्याचा उपयोग होत नाही. एका डोळ्याला रस्ता मोठा दिसतो, दुसऱ्याला लहान, आणि डोकं गरगरतं. लेन्स लावली की दोन्ही डोळ्यांना रस्ता एकच. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा लेन्स लावून ती माझ्या खिडकीशी उभी राहिली आणि समोरच्या दुकानाची पाटी तिने डाव्या डोळ्याने वाचली, तेव्हा म्हणाली, "मॅडम, आता मी बस चालवणार." तोवर ती डेपोत गाड्या धुवायच्या कामावर होती. पुढच्या वर्षी खरंच बस घेऊन बाहेर पडली. माझ्या खिडकीखालून जाताना हॉर्न वाजवायची. तसा वाजवायची परवानगी नव्हती, पण वाजवायची.

मग एके दिवशी ती डावा डोळा रुमालाने दाबून आली. दोन फेऱ्यांच्या मध्ये डेपोत लेन्स न काढता आडवी झाली होती, तीही तीन-चार दिवस सलग. बुबुळाच्या कडेला मोहरीपेक्षाही लहान पांढरा ठिपका होता. जंतूंनी केलेली जखम. मी तिला त्याच तासाला मोठ्या इस्पितळात पाठवलं, औषधाने ती भरली. इस्पितळाने लिहून दिलं, आठ आठवडे लेन्स बंद, नंतर तपासून मगच. मी तिच्या फाइलवर लाल शाईने 'लेन्स बंद' लिहिलं आणि जुना कागद रद्द केला. तिला समोर बसवून सांगितलं. तिने मान डोलावली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"मॅडम, माझी लायसनची डोळे तपासणी सातव्या आठवड्यात आहे."

"पुढे ढकला."

"एकदा ढकलली की सहा महिने नंबर लागत नाही. सहा महिने मी काय करू, तिकिटं मोजू?"

"मोजा. डोळा राहिला तर बस राहील."

ती पिशवी उचलून निघाली. मला वाटलं, पटलं.

पुढचं सगळं त्यानंतर सहा आठवड्यांनी आलेल्या एका सोमवारचं. परिषदेची वार्षिक तपासणी जवळ आली होती, आणि आलेली प्रत्येक विचारणा तीन वर्षं जपून, तारीखवार लावून ठेवायची असा नियम आहे. काकूंनी दादाच्या कागदांचा ट्रे आणून माझ्यापुढे ठेवला. "हे तुम्ही लावा," म्हणाल्या. "मला दाखवायचे नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणजे मला पण बघायचे नसतील." काकू टोमणा मारताना चेहरा अगदी साधा ठेवतात.

मी महिन्यांप्रमाणे गठ्ठे करत बसले. सगळ्यांत वरचा कागद शुक्रवारचा होता, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांचा. त्यावर बसवाल्या बाईंचं नाव होतं. उजवा उणे दीड, डावा उणे सात.

मी घड्याळ बघितलं, दहा वीस झाले होते. मग बोटांवर तास मोजायला लागले. शुक्रवारी तीन दहा ते पाच, एक तास पन्नास मिनिटं. शनिवारी मी नऊ ते एक उघडं ठेवते, चार तास. झाले पाच पन्नास. आज नऊपासून अजून दोन तास दहा मिनिटं, म्हणजे अकरा दहापर्यंत. पन्नास मिनिटं हातात होती. मी विचारणेच्या खाली लिहिलं: कागद रद्द आहे, डोळ्याला जखम झाली होती, लेन्स देऊ नये. खाली सही करून दहा सव्वीसला पाठवलं. दोन वर्षांत दादाला लिहिलेलं माझं पहिलं पत्र हे. पाठवल्यावर मी दोन घोट पाणी प्यायले.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मुदत शनिवारी दुपारी ३.१० ला संपली. माल शनिवारी ३.३० ला ग्राहकाने नेला.'

वरातीमागून घोडं.

मी उठले, पायात चप्पल सरकवली आणि रस्ता ओलांडला. दुकानात वहिनी काउंटरवर होती. मला बघून "अगंबाई!" म्हणाली आणि हातातली डबी खाली ठेवायची विसरली. दादा आतून बाहेर आला. केस पुष्कळ पांढरे झाले होते. आईकडे समोर बसूनसुद्धा मी त्याच्याकडे नीट बघितलेलं नव्हतं.

"तीन दहा कुठून काढलेस?" मी म्हणाले.

"आठ तास. शुक्रवारचे एक पन्नास, शनिवारचे सहा दहा."

"शनिवारी मी एकला बंद करते."

"तुझ्या पाटीवर नऊ ते पाच आहे."

"ती जुनी पाटी आहे. वर्ष झालं मी एकला बंद करते."

"मला कोण सांगणार?" दादाचा आवाज चढला. "मी विचारू कुणाला? पाटीवर जे लिहिलंय तेच मोजणार ना! नियमाने शनिवार उघडा असेल तर शनिवार मोजायचा. एक मिनिट आधी दिलेली नाही मी. वीस मिनिटं उशिरा दिलीय, हवं तर कागद बघ."

"कागद गेला खड्ड्यात. तिचा डोळा आजारी आहे, दादा."

त्याचा आवाज उतरला. बहुधा 'दादा' ऐकून उतरला असेल. मग हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं तिला, काही त्रास वगैरे झाला होता का. नाही म्हणाली. रिकाम्या डबीवरचे नंबर वाचून दाखवले तिने."

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. त्याच्याकडे तिने दुसरा नंबर दिला होता, तोही वाजत राहिला. दादाने गाडीची किल्ली उचलली. वहिनीला म्हणाला, "दुकान बघ." आणि मला म्हणाला, "चल बारके."

डेपोत नोंदी ठेवणारा माणूस जाळीमागे बसला होता. बसवाल्या बाईंचं नाव घेतल्यावर म्हणाला, "आहे की. मागच्या विश्रांतीच्या खोलीत. डोकं दुखतंय म्हणून पडलीय सकाळपासून. दिवा लावू देत नाही."

खोलीत चार लोखंडी पलंग होते, खिडकीला घोंगडी अडकवून अंधार केलेला होता. ती कडेच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझा आवाज ऐकला आणि पाठमोरीच म्हणाली, "बुधवारपर्यंत सोडा मॅडम. बुधवारी तपासणी आहे. तेवढी झाली की तुम्ही म्हणाल ते."

"इकडे वळा."

"काढलीय मी लेन्स. सकाळीच काढलीय."

"इकडे वळा."

ती वळली. मी टॉर्च लावला तशी ती ओरडली. डावा डोळा लालबुंद, पापणी सुजलेली. ठिपका आता कडेला नव्हता, मधल्या भागाकडे सरकला होता, आणि त्याला लहान म्हणायची सोय नव्हती. शनिवारी संध्याकाळी तिने लेन्स लावली होती. रविवारी दिवसभर ठेवली, डेपोच्या आवारात रिकामी बस फिरवून बघितली. सरावासाठी. सगळं कसं छान दिसत होतं, म्हणाली. रात्री टोचायला लागलं.

दादाने पलंगाखालून लेन्सची डबी शोधून काढली, झाकण घट्ट लावून खिशात ठेवली. इस्पितळात लेन्स आणि डबीतलं पाणी दोन्ही तपासतात, कुठले जंतू आहेत ते त्यावरून कळतं. ते मी सांगायच्या आधी त्याला सुचलं. मला ते बघून रडू आलं, आणि रडायची ती वेळ नव्हती म्हणून मी त्या बाईंच्या चपला शोधायला लागले.

इस्पितळात तिला आत घेतलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोर कुणाची तरी ओली छत्री उघडून ठेवली होती.

"मला ठाऊक होतं तू वाचत नाहीस," दादा म्हणाला.

"काय?"

"माझे कागद. गेल्या वर्षी एकदा मुद्दाम चुकीचा पाठवला होता. उणे दोनच्या जागी अधिक दोन, कंपनीचं नावही भलतंच. म्हटलं, बघू तरी बारकी काय म्हणते. तू चिडून चार ओळी लिहिशील असं वाटलं होतं." त्याने चष्मा काढून पुसला. "आठ तास झाले, नऊ झाले. काही आलं नाही. ती लेन्स मी विकली नाही हं. दुसऱ्या दिवशी बरोबर कागद पाठवला, पुन्हा आठ तास थांबलो, मग दिली."

"म्हणजे मी वाचत नाही हे कळूनही तू वर्षभर होकार धरत राहिलास?"

"कायदा म्हणतो धरा."

"आणि डोकं काय म्हणत होतं?"

"तुझं काय म्हणत होतं?" त्याने विचारलं. "फोन तुझ्याकडेही आहे."

नर्स बाहेर आली आणि म्हणाली, दर तासाला औषध, दिवसरात्र, नातेवाईक कोण आहे? आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.

बाई नऊ दिवस इस्पितळात होत्या. डोळा वाचला. नजर नाही वाचली. जखम भरली तिथे बुबुळाच्या मधोमध फूल पडलं. तो पांढरट डाग औषधाने जात नाही. अक्षरांच्या तक्त्यावर डाव्या डोळ्याने तिला वरच्या दोन ओळी दिसतात. लेन्स लावून, न लावून, कशाही. प्रवासी गाडीच्या लायसनला दोन्ही डोळ्यांनी सहावी ओळ लागते. बुधवारची तपासणी तिची चुकलीच होती; पुढची आता द्यायचं कारण उरलं नाही. पुढेमागे बुबुळ बदलायची शस्त्रक्रिया होऊ शकते, पण इस्पितळाने सांगितलं, त्यानंतरही बसचं वचन कुणी देणार नाही.

मी परिषदेला लिहिलं. यावेळी स्वतःविरुद्ध. तारखा, तास, ट्रे, काकूंना दिलेली सूचना, सगळं लिहिलं. दादानेही लिहिलं, अधिक दोनच्या कागदासकट. सव्वा महिन्याने दोघांना एकाच मजकुराचं उत्तर आलं. विक्रेत्याने विहित मुदत पाळलेली आहे. विचारणेस उत्तर देणे नेत्रतपासनिसावर बंधनकारक नाही. वेळेची पाटी अद्ययावत करावी. सबब कोणत्याही नियमाचा भंग झाल्याचे आढळत नाही, प्रकरण बंद.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि टेबलावर आपटलं. विद्यार्थ्याला दुसऱ्या कंपनीची लेन्स दिली, त्याच्या डोळ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं, तर सहा महिने काचेवर ताकीद. आणि इथे एका बाईची बस गेली, तर पाटी रंगवून घ्या! काकू म्हणाल्या, "सुटलात म्हणायचं." मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नंतर म्हणाल्या, "परिषदेला सांगून झालं. जिचा डोळा तिला सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. इस्पितळात मी रोज जायची, औषधाच्या वेळा पाळायची, पण तिला वाटत होतं तिनेच सगळं केलं. तुमच्यापासून लपवून लेन्स घेतली, खोटं बोलले, देवाने शिक्षा केली, असं रोज म्हणायची. आणि मी "असं नाही म्हणू" म्हणून तिचा हात थोपटायची. तिला तसं वाटत राहणं माझ्या सोयीचं होतं.

त्या दुपारी दादाला बोलावलं आणि आम्ही डेपोत गेलो. तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. काचेत गोल भोक, त्यातून तिचा तो आवाज बाहेर येत होता. आम्हाला बघून हसली, "या मॅडम! कुठे जायचंय?" मी खिडकीशी उभी राहूनच सगळं सांगितलं. आत बोलावून, बसून, पाणी पिऊन सांगण्यासारखं ते नव्हतंच. विचारणा आली होती. मी वाचली नाही. वाचली असती तर दुकानातून लेन्स बाहेर पडली नसती. वाचली नाही, कारण पाठवणारा माझा भाऊ होता आणि आमचा अबोला होता.

तिने दादाकडे बघितलं. "आणि तुम्हाला माहीत होतं की या वाचत नाहीत?"

"हो," दादा म्हणाला.

डावा डोळा थोडा मिटल्यासारखा राहतो आता तिचा, प्रकाश सहन होत नाही.

"मी खोटं बोलले, ते माझं मी बघीन," ती म्हणाली. "मी बस सोडायला तयार नव्हते, मी हट्ट करणारच होते. मला नाही म्हणायला तुम्ही होतात ना? त्याच्यासाठीच असतो ना तो कागद?"

"हो."

"भांडण कशावरून होतं?"

मी सांगितलं. कंपनी, विद्यार्थी, काचेवरची ताकीद. मोठ्याने सांगताना ते इतकं लहान वाटत होतं की मध्येच थांबावंसं वाटलं, पण तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"माझ्या गाडीत दोन पॅसेंजर भांडायला लागले ना, की मी गाडी बाजूला घ्यायची," ती म्हणाली. "म्हणायची, आधी मिटवा, नाहीतर खाली उतरा, मागे पन्नास माणसं बसलीत. मला त्या भांडणाशी काही देणंघेणं नसायचं. पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं."

माफी मागायचं मी घरून ठरवून आले होते. मागितली. ती मान हलवून हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

"आता बोलता का एकमेकांशी?" तिने विचारलं.

"बोलतो," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"चला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याने तुमचं तरी भलं केलं."

हे ती चिडून म्हणाली असती तर मला घरी जाऊन रडता आलं असतं. ती नुसतं म्हणाली. मग तिने आमच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते, त्यांच्या मागे दोन बायका, त्यांच्या मागे आणखी कुणी.

"बाजूला व्हा आता," ती म्हणाली. "मागे माणसं थांबलीत."

आम्ही बाजूला झालो.